मदत हवी आहे: भिंतीतल्या लॅनच्या तारा, मोडेम, राउटर आणि स्विच यांच्या जोडणीचा क्रम काय?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी आम्ही पुनावळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. बिल्डरने प्रत्येक खोलीत लॅन पॉइंट (तारेने नेट घ्यायचे सॉकेट) दिलेत: हॉलमध्ये टीव्हीमागे एक, तिन्ही बेडरूममध्ये एकेक आणि पॅसेजच्या छताला एक. पाचही तारा मुख्य दारामागे, विजेच्या डीबीशेजारच्या (फ्यूज-बटणांच्या बोर्डाशेजारच्या) पत्र्याच्या पेटीत येतात. पेटी उघडली तेव्हा चार तारांची टोकं नुसती कापून सोडलेली होती. पाचव्या तारेतली निळी जोडी वेगळी काढून बाहेरून आलेल्या एका बारीक तारेला काळ्या टेपने जोडलेली होती. चिठ्ठी एकावरही नाही. आत तीन पिनांचा सॉकेट आहे, एवढी सोय बरी केली आहे.

बांधकाम मायव्हानचं, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. त्यामुळे वाय-फाय हॉलच्या बाहेर पडत नाही. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. हॉलमध्ये पूर्ण वेग मिळतो, माझ्या खोलीत दार लावलं की १५-२०. मी घरून काम करते, दिवसातून चार-पाच व्हिडिओ कॉल असतात. सासूसासरे शेवटच्या खोलीत असतात, त्यांच्या टीव्हीवर चित्र सारखं अडकतं. नवरा महिन्यातले तीन आठवडे बाहेरगावी, म्हणून हे काम मीच हातात घेतलं आहे.

इंटरनेटवाल्यांच्या माणसाने फायबर बाल्कनीतून आणून मोडेम हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला भिंतीवर बसवला. मी पेटी दाखवली, तर म्हणाला, "मॅडम, तिथपर्यंत फायबर जात नाही." खरंच जात नाही, त्या पाइपात आधीच तारा ठासून भरल्या आहेत.

मी ८ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे एका तारेतलं नेट अनेक तारांना वाटणारा डबा, आणि एक नवा राउटर आणला. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून पेटीतल्या पाचही टोकांना आरजे-४५ (लॅनचे प्लग) लावून घेतले. टेपवाल्या तारेची निळी जोडी त्याने तशीच ठेवली, उरलेल्या सहा तारा प्लगमध्ये घातल्या. पाचही तारा स्विचमध्ये खोचल्या, हॉलमध्ये मोडेमपासून भिंतीतल्या पॉइंटपर्यंत छोटी तार लावली आणि नवा राउटर माझ्या खोलीत ठेवून पॉइंटची तार त्याच्या निळ्या, इंटरनेट लिहिलेल्या भोकात घातली. आता अडचणी अशा:

माझ्या खोलीत वेग छान आहे, पण हॉलमधला प्रिंटर लॅपटॉपला दिसत नाही. फोन हॉलच्या वाय-फायवर नेला की दिसतो. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.०.५ असा आहे, फोनचा हॉलमध्ये १९२.१६८.१.७.

आईबाबांच्या (सासूसासऱ्यांच्या) खोलीत लॅपटॉप थेट पॉइंटला लावला तर वेग ९४ च्या वर सरकतच नाही. कितीही वेळा मोजा, ९३-९४.

पॅसेजच्या पॉइंटचा स्विचवर दिवाच लागत नाही.

शनिवारी तर सगळ्या घराचं नेट गेलं. मी पेटी आवरत होते, एक जास्तीची छोटी तार लोंबत होती, तिची दोन्ही टोकं रिकाम्या भोकांत खोचून ठेवली. थोड्या वेळात सगळं बंद. स्विचचे सगळे दिवे एकदम फडफडत होते. ती तार काढली आणि मोडेम बंद-चालू केला, तेव्हा सुरू झालं. यात काही जळलं तर नसेल ना?

माझा मूळ प्रश्न हा: मोडेम, राउटर आणि स्विच नेमक्या कोणत्या क्रमाने जोडायचे? मोडेम पेटीत हलवणं गरजेचं आहे का? भिंत फोडायची आमची तयारी नाही, मायव्हानमध्ये ती परवानगीही मिळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

*

प्रतिसाद १

ताई, बरंचसं बरोबर जोडलंय तुम्ही. मोडेम हलवू नका.

क्रम असा: फायबर मोडेममध्ये, मोडेमच्या पुढे राउटर, राउटरच्या पुढे स्विच, स्विचमधून खोल्या. तुम्ही ज्याला मोडेम म्हणताय त्या डब्यात मोडेम आणि राउटर दोन्ही आहेत, कारण तो वाय-फाय देतो आणि १९२.१६८.१ वाले पत्तेही वाटतो. म्हणजे पहिली दोन घरं हॉलमध्येच भरली. तिथून एक तार भिंतीतून पेटीत स्विचला आली की स्विच ती सगळीकडे वाटतो. स्विचला वर-खाली काही नसतं, हॉलची तार कोणत्याही पोर्टात चालते. हॉल ते पेटी ही एकच तार सगळ्या घराचा रस्ता आहे, तेवढी नीट बसली आहे ना ते पाहा. मोडेमच्या मागे पोर्टांवर काय छापलंय तेही वाचा. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, त्यावर जीई लिहिलेलं असतं. बाकीची एफई, म्हणजे १०० ची. स्विचकडे जाणारी तार जीईमध्येच हवी. फोनसाठीचं भोकही शेजारीच असतं, त्यात घालू नका.

प्रिंटर न दिसण्याचं कारण तुमचा दुसरा राउटर. त्याच्या इंटरनेटच्या भोकात तार घातली की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि आपले पत्ते वाटायला लागतो. तुमचा लॅपटॉप त्या आतल्या कुंपणात, प्रिंटर बाहेर. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (फक्त वाय-फाय द्यायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. मोडेम तोच पत्ता कुणाला देत नाही ना, हे बघून घ्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा आणि तार निळ्या भोकातून काढून बाजूच्या पिवळ्या किंवा लॅन लिहिलेल्या भोकात घाला. हे याच क्रमाने करा. डीएचसीपी चालू असताना तार लॅनमध्ये घातली तर दोघेही पत्ते वाटतील आणि निम्म्या घराचं नेट आज आहे, उद्या नाही, असं होईल. मग दोष कुठे आहे ते शोधता शोधता जीव जातो. मी एका ओळखीच्यांच्या दवाखान्यात यापायी दोन रविवार घालवलेत.

शनिवारी काही जळलेलं नाही. एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली की सगळ्यांसाठी पाठवलेला निरोप त्या तारेतून परत येतो, स्विच तो पुन्हा सगळीकडे पाठवतो, तो पुन्हा परत येतो. क्षणात स्विच तुडुंब भरतो. मोठ्या ऑफिसांतले महागडे स्विच असा वेढा ओळखून पोर्ट बंद करतात, घरगुती साधे बहुतेक ओळखत नाहीत. ती छोटी तार पेटीत ठेवूच नका, ड्रॉवरमध्ये ठेवा.

आणि तारांना आजच चिठ्ठ्या लावा. लॅपटॉप एकेका खोलीत लावायचा, घरातल्या कुणालातरी पेटीपाशी उभं करायचं आणि कोणता दिवा लागला ते विचारायचं. टेस्टर लागत नाही.

*

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मी फक्त ९४ बद्दल लिहितो, कारण तुमच्याच वर्णनात उत्तर आहे.

९४ म्हणजे १०० ची जोडणी. आतल्या आठ तारा म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच लागतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट १९९९ मध्ये आलं, त्याला चारही जोड्या हव्यात. त्यातली एक जरी नसली तरी दोन्हीकडची यंत्रं बहुधा १०० वर समझोता करतात. वेग अर्धा किंवा पाऊण होत नाही, थेट १०० वर येतो.

तुमच्या पाचव्या तारेची निळी जोडी टेपने दुसरीकडे गेलीय म्हणालात. आईबाबांच्या खोलीत सोसायटीचा इंटरकॉम आहे का? असेल तर बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने वेगळी तार न ओढता लॅनमधली निळी जोडी इंटरकॉमला दिली आहे. असं सर्रास करतात. ती जोडी चुकूनही आरजे-४५ मध्ये घालून स्विचला लावू नका. बेल वाजताना तिच्यावर पाऊणशे व्होल्टच्या आसपास दाब येतो, पोर्ट जाऊ शकतं.

पॅसेजच्या पॉइंटची झाकणपट्टी उघडून पाहा. छताच्या पॉइंटला बरेचदा जॅक लावलेलाच नसतो, मागे तारेचं भेंडोळं पडलेलं असतं. टोक करून घ्यायचं असेल तर पेटीतल्या टोकाचाच रंगक्रम सांगा. बहुतेक ठिकाणी बी पद्धत असते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी हल्लीची गिगाबिट यंत्रं सांभाळून घेतात, पण एकसारखं ठेवलेलं बरं.

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल सुट्टी होती, सगळं करून पाहिलं.

आधी चिठ्ठ्या. मी लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांत, बाबा पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. "तिसरा लागला, हिरवा," असं ते मोठ्याने सांगत होते आणि आई वहीत लिहून घेत होत्या. वीस मिनिटांत झालं.

मोडेमवर जीई एकच निघालं आणि माझी तार एफईमध्ये होती! म्हणजे माझ्या खोलीतही आजवर १०० च येत होते, आणि १५-२० पुढे ते छान वाटत होते. तार बदलली, आता माझ्या खोलीत तारेवर २९० च्या वर मिळतात. राउटरला अॅक्सेस पॉइंट मोड होता, तो लावला. प्रिंटर लगेच दिसला.

पॅसेजची झाकणपट्टी स्टुलावर चढून उघडली. आत हातभर तार गुंडाळून ठेवलेली, जॅक नाही. इलेक्ट्रिशियनने टोक करून दिलं, स्विचवर दिवा लागला. पण तिथे विजेचा पॉइंट नाही. लॅनच्या तारेतूनच वीज घेणारा अॅक्सेस पॉइंट मिळतो असं दुकानदार म्हणाला, त्याचा इंजेक्टर, म्हणजे लॅनच्या तारेत वीज सोडणारा डबा, पेटीत बसेल. पुढच्या महिन्यात घेईन.

आईबाबांच्या खोलीचा अंदाज अचूक होता. पलंगाशेजारी इंटरकॉम आहे आणि लॅनच्या सॉकेटमागे निळ्या दोन तारा त्याच्याच डब्यात गेलेल्या दिसल्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, इंटरकॉम काढून टाका, पूर्ण गिगाबिट करून देतो. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, रात्री काही झालं तर गेटवर फोन लावायला तो हाताशी आहे, मोबाइल कुठे ठेवलाय ते अंधारात सापडत नाही. आईंचे गुडघे दुखतात, दूधवाल्याला वर सोडायला त्यांना उठून हॉलमध्ये यावं लागू नये, हेही आहेच. त्यांच्या टीव्हीला पंचवीस-तीसच्या वर लागत नाही, ९४ भरपूर झाले. निळी जोडी इंटरकॉमलाच ठेवली. फक्त पेटीतली काळी टेप काढून नीट कनेक्टर लावून घेतला आणि त्या तारेवर चिठ्ठी लावली: "आईबाबा खोली, निळी जोडी इंटरकॉमची, हात लावू नये."

एकच विचारायचं राहिलं. वीज गेली की मोडेम आणि स्विच दोन्ही बंद पडतात. मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेते आहे. स्विचच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट लिहिलंय. दोन्ही दाब देणारा एकच यूपीएस कुणी वापरला आहे का, आणि तो पत्र्याच्या बंद पेटीत तापत नाही ना?