शक्य किती होतं आणि घडलं किती: इतिहासाला परम्युटेशन-कॉम्बिनेशन हवं का? (चर्चा)

परळचा मास्तर (धागाकर्ता):

गेल्या रविवारी अकरावीच्या सात-आठ मुलांना घेऊन फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. मी गणित शिकवतो. वर्गात परम्युटेशनचा, म्हणजे वस्तू किती तऱ्हांनी मांडता येतात ते मोजण्याचा धडा चालू होता, म्हणून विष्णूच्या मूर्तीपुढे विचारलं, शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत किती तऱ्हांनी देता येतील? एक मुलगी पटकन म्हणाली, २४. तिला म्हटलं, आता संध्येतली विष्णूची नावं मोज. केशव, नारायण, माधव, गोविंद... तीही २४. आयुधांची अदलाबदल करून जेवढ्या मूर्ती होऊ शकतात, तेवढ्या सगळ्यांना आपल्या परंपरेने नाव दिलेलं आहे. कुठल्या नावाची कुठली मांडणी यावर ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, पण एकही मांडणी बिननावाची ठेवलेली नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त अंकपाशाच्या प्रकरणात नेमकं हेच उदाहरण घातलं. हरीचे २४ भेद, आणि दहा हातांत दहा आयुधं घेतलेल्या शंभूचे ३६,२८,८००. विष्णूच्या सगळ्या मांडण्यांना नावं मिळाली. मूर्तिकारांनी शिवाच्या छत्तीस लाखांतल्या किती घडवल्या असतील? अगदी मोजक्या. त्याच का, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि गणित केल्याशिवाय तो सुचतच नाही.

काय काय होऊ शकलं असतं हे मोजल्याशिवाय जे झालं त्यातली निवड दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे. इतिहास, पुरातत्त्व, लोकसाहित्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे गणित सक्तीचं करावं.

जात्यावरची:

मास्तर, मनापासून असहमत.

तुमच्या चोवीसांत पंढरीचा विठोबा कुठे बसतो? दोनच हात, तेही कमरेवर. ज्याच्यासाठी दर आषाढीला लाखो माणसं चालत जातात, तो देव तुमच्या यादीच्या बाहेर उभा आहे. मोजायला बसलं की आधी ठरवावं लागतं काय मोजायचं, आणि जे त्यात मावत नाही ते हिशेबातून जातं.

मी ओव्या गोळा करते. सुरुवात आईपासून झाली. ती जावळीकडची, लग्नानंतर लालबागच्या चाळीत आली. खोलीत जातं ठेवायला जागा नव्हती, दळण गिरणीतून यायचं. जातं सुटलं, पण पाळणा हलवताना, तांदूळ निवडताना ओव्या चालूच. तिच्या ओव्यांच्या मी दोन वह्या भरल्या. ओवीचा साचा ठरलेला असतो हे खरं: पहिली ओळ सगळ्या बायांची, दुसरीत भावाचं, लेकाचं, गावाचं नाव बदलायचं. तुमच्या रीतीने पाच नावं गुणिले दहा गावं गुणिले चार देव असं करत हजारो ओव्या काढता येतील. त्यातली एकही माझ्या आईची नसेल. लोकसाहित्याचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी लाखावर ओव्या जमवल्या, त्यांच्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही नोंदलेलं आहे. कारण कोणी म्हटली हे सुटलं की ओवीचा अर्थच सुटतो.

फास्ट लोकल:

विठोबाचा मुद्दा बिनतोड. जात्यावरची ताईंना +१.

पोथीवाला:

मला दोघांचंही अर्धंच पटतं. जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्याला, म्हणजे प्रतींतले फरक ताडून मूळ पाठ शोधणाऱ्याला, हे गणित टाळताच येत नाही. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली याचा वंशवृक्ष काढायचा असतो. हाती तीन पोथ्या असतील तर वृक्षाचे ३ आकार होतात. चार असतील तर १५, पाच असतील तर १०५, आणि दहा असतील तर ३,४४,५९,४२५. हे प्रत्येक फाट्याला दोनच फांद्या आणि हातातल्या पोथ्या फांद्यांच्या टोकांना धरून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं विचारात घेतली. काम १९१९ ते १९६६ चाललं. त्याला शिस्त लावणारे वि. स. सुखटणकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळलेले. मला हा योगायोग वाटत नाही.

पण मास्तर, अडचण पुढे आहे. वृक्ष मोजताना आपण गृहीत धरतो की प्रत्येक पोथीला एकच आई. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेद पाहिले, त्यांतला योग्य वाटला तो ठेवला. शिवाय बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घुसडली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. अशा प्रतीला अनेक आया असतात. तिथे वृक्ष उरत नाही, जाळं होतं, आणि शक्य जाळ्यांची संख्या वृक्षांहून कितीतरी मोठी. सुखटणकरांनाही महाभारताच्या पोथ्यांत ही सरमिसळ पदोपदी भेटली. अशा जागी शेवटी कान लागतो: हा शब्द ज्ञानेश्वरांचा वाटतो का?

कुलाबावासी:

आपल्या मुंबईतलंच उदाहरण राहिलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले निशा यादव आणि मयंक वाहिया सिंधू लिपीवर काम करणाऱ्या गटात होते. या लिपीचे अभ्यासक इरावतम महादेवन यांच्या १९७७ च्या सूचीत ४१७ चिन्हं आहेत आणि लेख सरासरी पाचेक चिन्हांचे. नुसत्या पाच चिन्हांच्या रांगा मोजल्या तरी साडेबारा लाख कोटींच्या वर जातात. प्रत्यक्ष हाती आहेत काही हजार लेख. या गटाने २००९ साली दाखवलं की एका चिन्हानंतर पुढचं कोणतं येईल याची अनिश्चितता भाषांच्या जवळपास बसते, निव्वळ विस्कळीत रांगांसारखी नाही. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रोट यांनी लगेच आक्षेप घेतला की भाषा नसलेल्या खुणांनाही असे आकडे येऊ शकतात. त्यात महादेवन ४१७ चिन्हं धरतात, तर दुसरे अभ्यासक ब्रायन वेल्स साडेसहाशेहून जास्त. दोन खुणा एक की वेगळ्या, हे माणूसच ठरवतो. इथे मला ताईंचं म्हणणं पटतं.

परळचा मास्तर:

विठोबाबद्दल ताई, मी दोन दिवस विचार केला. तो चोवीसांत नाही हे खरं. पण २४ ची यादी पुढे ठेवल्यावरच तो किती वेगळा आहे ते माझ्या डोळ्यांत भरलं. शास्त्राने सगळ्या जागा भरून टाकल्या होत्या, आणि लोकांनी दोनच हातांचा, तेही कमरेवर ठेवलेला देव उराशी धरला. यादी नसती तर मला एवढं लख्ख दिसलं नसतं.

आणि गणिताने कळलेला इतिहास हवा असेल तर फ्लिंडर्स पेट्री हा इंग्रज पुरातत्त्वज्ञ बघा. इजिप्तमधल्या जुन्या कबरी, लेख नाहीत, राजांची नावं नाहीत. त्याने सुमारे ९०० कबरींतल्या मडक्यांची नोंद पट्ट्यांवर केली, एका कबरीची एक पट्टी, आणि एकेका प्रकारचं मडकं रांगेत जवळजवळ येईल अशा पट्ट्या लावत गेला. १८९९ साली त्याने ती रीत मांडली. ९०० पट्ट्यांच्या शक्य रांगा म्हणजे २,२७० अंकी संख्या! त्यातून त्याने कालक्रम काढला. पुढे गणिती डेव्हिड केंडल यांनी त्याच खटपटीचं शून्य आणि एकच्या कोष्टकांचं (कबरीत तो प्रकार असेल तर एक, नसेल तर शून्य) गणित केलं.

ताई, एक विनंती. तुमच्या वह्यांतल्या भावाच्या ओव्या मोजाल का? कुठे नाव आहे आणि कुठे नाही, एवढंच.

जात्यावरची:

पेट्रीबद्दल वाचलं. तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत. अशी रांग लागली तरी तिचं कुठलं टोक जुनं ते रांग सांगत नाही. त्याने ते नागमोडी कानांच्या मडक्यांवरून ठरवलं. आधी कान धरायच्या कामाचे होते, नंतर नुसती नक्षी उरली. मडकं हातात धरून पाहिलेल्या माणसालाच ते कळतं. त्यामुळे सक्तीला माझा विरोध कायम आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आधी बायांच्या शेजारी बसून ऐकायला शिकू दे.

तरी वह्या काढल्या. एकूण २१३ ओव्या, भावाच्या ३४. त्यांतल्या ३१ मध्ये मामाचं नाव आहे, तिनांत नाही, नुसतं ‘बंधू माझा’. तिन्ही दुसऱ्या वहीत, तिन्ही भाऊबीजेच्या. नाव घातलं तर चाल मोडते का, तेही म्हणून पाहिलं. मोडत नाही.

मामा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गावी परतला, आणि मधली काही वर्षं आई आणि तो बोलत नव्हते एवढं आठवतं. पण दुसरी वही मी १९९६ मध्ये लिहिली, तेव्हा मामा दर दिवाळीला आमच्याकडे यायचा. ओव्या उतरवून घेताना, नंतर कितीदा वाचताना, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आई आता नाही. धाकटी मावशी डोंबिवलीला असते, तिला आज संध्याकाळी फोन करते.