भूकंपमापन केंद्रांच्या फाइली टेबलांत भरल्यावर मूळ प्रत कोणती मानायची?

नोंदवही

माझं मत आधीच सांगतो. भूकंपमापन केंद्रांच्या जाळ्याची डेटालेस सीड किंवा स्टेशनएक्सएमएल फाइल (म्हणजे केंद्रांची आणि उपकरणांची माहिती देणारी फाइल) एकदा नीट डेटाबेसमध्ये भरली, की तिथून पुढे टेबलं हीच मूळ प्रत. कोणाला फाइल हवी असेल तर ती टेबलांतून काढून द्यावी. फाइल उघडून तिच्यात हाताने दुरुस्ती करणं बंद व्हायला हवं.

या फाइलींची रचना उतरंडीची असते: जाळं, त्यात केंद्र, केंद्रात चॅनल (उपकरणाच्या एका घटकाची, म्हणजे हालचालीच्या एका दिशेची नोंद) आणि चॅनलच्या प्रत्येक कालखंडाखाली अख्खा रिस्पॉन्स, म्हणजे जमिनीची हालचाल नोंदीतल्या आकड्यांत कशी उतरते याचं वर्णन. एका डिजिटायझरला (सेन्सरचा संकेत आकड्यांत बदलणाऱ्या यंत्राला) तीन घटक जोडलेले असले, की त्यातल्या एफआयआर या डिजिटल फिल्टरच्या गुणांकांची तीच लांबलचक यादी तीनदा येते. सेन्सर बदलला की नव्या कालखंडात पुन्हा तीनदा. डिजिटायझरचा गेन (संकेत किती पटीने बदलतो तो आकडा) चुकीचा नोंदला गेला असेल, तर तो या सगळ्या प्रतींत शोधत बसायचं. टेबलात तो एकाच ओळीत असतो. 'अमुक दिवशी हा सेन्सर कोणकोणत्या केंद्रांवर होता?' एवढं विचारायलासुद्धा आज सगळ्या फाइली उघडाव्या लागतात.

शून्यबिंदू

असहमत. भरताना काय काय गळतं ते आधी पाहा.

सीएसएस ३.० ही १९९० ची स्कीमा (टेबलांचा आराखडा) आजही वापरात आहे, तीच उदाहरणाला घेतो. तिच्यात केंद्राची उंची किलोमीटरमध्ये, सीडमध्ये मीटरमध्ये. सीडमध्ये घटकाचा कल क्षितिजापासून खाली मोजतात, म्हणून वर तोंड केलेल्या उभ्या घटकाचा कल -९० येतो. सीएसएसमध्ये कोन उभ्या रेषेपासून मोजतात, तिथे तोच ०. ही गणितं कोणीही करील, त्याबद्दल तक्रार नाही. पण चॅनलांच्या साइटचॅन टेबलात लोकेशन कोडला (एकाच केंद्रावरची वेगवेगळी उपकरणं ओळखायच्या कोडला) स्वतःचा रकानाच नाही. आणि रिस्पॉन्स? इन्स्ट्रुमेंट टेबलात नुसतं फोल्डरचं आणि फाइलचं नाव असतं. ज्या टेबलांना तुम्ही मूळ प्रत म्हणता, त्यांनाच शेवटी फाइलीचा आधार लागतो.

स्टेशनएक्सएमएलमध्ये अक्षांश-रेखांशांची अनिश्चितता, उपकरणांचे अनुक्रमांक, केंद्र चालवणाऱ्यांच्या टिप्पण्या लिहायची सोय आहे. टेबलात रकाना नसला की भरणारी स्क्रिप्ट हे सगळं न बोलता सोडून देते. मूळ प्रत तीच, जी केंद्र चालवणाऱ्यांनी स्वतः दिली. टेबलं शोधापुरती ठेवा, त्याला माझी हरकत नाही.

आडवाउभा

एका जुन्या स्कीमातल्या उणिवांवरून टेबलांची कल्पनाच मोडीत काढणं पटत नाही. नवी स्कीमा आखा, रकाने वाढवा. खरी अडचण प्रायमरी कीची, म्हणजे प्रत्येक ओळ एकमेव ओळखणाऱ्या रकान्यांची, आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

जाळ्याचा कोड घ्या. एक्स, वाय, झेड किंवा अंकाने सुरू होणारे दोन अक्षरी कोड तात्पुरत्या मोहिमांसाठी असतात. एक मोहीम संपली की काही वर्षांनी तोच कोड दुसऱ्या मोहिमेला मिळतो. नुसता कोड की म्हणून धरला, तर दोन वेगळ्या मोहिमांची केंद्रं एकाच जाळ्यात जाऊन बसतात. सुरुवातीचं वर्ष कीमध्ये हवंच.

लोकेशन कोड तर त्याहून नाजूक. तो बऱ्याचदा रिकामा असतो: कुठे दोन स्पेस, कुठे दोन आडव्या रेघा, कुठे काहीच नाही. भरणाऱ्याने रिकाम्या जागी नल ('मूल्य नाही' ही खूण) ठेवला तर पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं युनिक बंधन दोन नल वेगळे समजतं, आणि एकच चॅनल दोनदा भरला तरी कोणी हटकत नाही. आवृत्ती १५ पासून यावर पर्याय आहे, पण तो मुद्दाम लिहावा लागतो. ओरॅकल हा दुसरा डेटाबेस तर रिकामी स्ट्रिंगच नल धरतो. कालखंडाच्या शेवटाचंही तेच: चालू कालखंडासाठी कोणी रकाना मोकळा सोडतो, कोणी २५९९ साल लिहितो, सीएसएसच्या ऑफडेटमध्ये -१ असतो.

असं असूनही मी टेबलांच्याच बाजूने आहे. एका चॅनलचे दोन कालखंड एकमेकांवर चढले, तर एक्सएमएलच्या स्कीमाला ते दिसत नाही. पोस्टग्रेसमध्ये रेंज टाइपवर (सुरुवात-शेवट एकत्र ठेवणाऱ्या रकान्यावर) एक्सक्लूजन बंधन, म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या ओळी नाकारणारा नियम, घाला, ती ओळ आतच येणार नाही.

शून्यबिंदू

ओळ आत आली नाही, मग पुढे? मग कोणीतरी आधीच्या कालखंडाची शेवटची तारीख एक दिवस मागे ओढतो आणि काम पुढे सरकतं. सेन्सर खरोखर कधी काढला हे त्याला ठाऊक नसतं. बंधन पाळलं गेलं, नोंद मात्र खोटी झाली.

कंपनलेखक

मी या आकड्यांवरून मॅग्निट्यूड काढतो, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

गेनमध्ये दुपटीची चूक झाली तर मॅग्निट्यूड ०.३ ने हलतं. हे निदान शेजारच्या केंद्रांशी ताडून पकडता येतं. पोल-झीरोतली (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सेन्सर कसा प्रतिसाद देतो हे सांगणाऱ्या आकड्यांतली) चूक दडून राहते. सीडमध्ये पोल रेडियन प्रति सेकंदात आहेत की हर्ट्झमध्ये, हे एका अक्षराने कळतं: ए किंवा बी. एसटीएस-२ सारख्या १२० सेकंदांच्या सेन्सरचे पोल रेडियनमध्ये -०.०३७ ± ०.०३७आय असतात. टेबलात ते अक्षर आलं नाही आणि कोणी हे आकडे हर्ट्झ समजून वाचले, तर तो सेन्सर साधारण १९ सेकंदांचा ठरतो. १ हर्ट्झला काहीच फरक दिसत नाही, तपासणारा समाधानाने पुढे जातो. पण पृष्ठतरंगांचं मॅग्निट्यूड २० सेकंदांच्या आसपास मोजतात, आणि तिथे आयाम जवळजवळ दीडपट येतो. म्हणून टेबलांतून काढलेला रिस्पॉन्स मूळ फाइलशी फ्रिक्वेन्सीच्या अख्ख्या पट्ट्यात जुळवून पाहा. सेन्सिटिव्हिटी दिलेल्या एका फ्रिक्वेन्सीवर जुळला एवढ्यावर थांबू नका.

नोंदवही यांना एक प्रश्न. एका ओळीत गेन दुरुस्त होतो हे छान, पण गेल्या वर्षी मी कोणत्या गेनवर आकडा काढला हे त्यानंतर मला कसं कळणार? जुनी फाइल तारखेसह ठेवलेली असेल तर कळतं.

नोंदवही

ओळ बदलायचीच नाही, नवी घालायची. प्रत्येक ओळीला दोन कालावधी: उपकरण जमिनीवर कधीपासून कधीपर्यंत तसं होतं, आणि आपण तसं कधीपासून कधीपर्यंत मानत होतो. मग गेल्या वर्षीचा गेन एका क्वेरीत मिळतो, आणि तारखांच्या फाइली ताडत बसण्यापेक्षा हे भरवशाचं आहे. सोबत आलेली फाइल जशीच्या तशी आणि तिचा हॅश (फाइल बदलली तर लगेच कळेल असा तिचा ठसा) ठेवायलाही माझी ना नाही. पण हिशोब टेबलांवरच व्हावा.

आडवाउभा

दोन कालावधींना +१. फक्त एक्सक्लूजन बंधन मग दोन्ही रेंजवर मिळून लावा, नाहीतर दुरुस्तीची पहिलीच ओळ अडेल.

शून्यबिंदू

हॅश ठेवणार असाल तर निम्मं भांडण मिटलं. उरलेलं निम्मं असं: तुम्ही टेबलात गेन सुधारला आणि पुढच्या महिन्यात जाळ्याकडून नवी फाइल आली, जुन्याच गेनची. तुमची टेबलं मूळ प्रत असतील तर फाइल बाजूला पडेल. बाकी सगळे तर त्याच जाळ्याच्या एफडीएसएन स्टेशन सेवेतून (केंद्रांची माहिती इंटरनेटवरून देणाऱ्या प्रमाणित सेवेतून) मेटाडेटा घेत राहतील. एकाच नोंदीवरून तुमचं मॅग्निट्यूड एक, त्यांचं दुसरं. म्हणून माझा आग्रह असा, की दुरुस्ती आधी केंद्र चालवणाऱ्यांना कळवा, आणि त्यांची सुधारलेली फाइल येईपर्यंत टेबलातली ती ओळ 'स्थानिक बदल' म्हणून वेगळी दिसू द्या.