३५ की ५५ अंश: गाळाच्या डायजेस्टरचे तापमान

सांडपाण्याच्या गाळाचा डायजेस्टर (म्हणजे सूक्ष्मजीव ज्या हवाबंद टाकीत गाळ पचवून मिथेनयुक्त गॅस तयार करतात ती) ३५ अंश सेल्सियसवरून ५५ अंशांवर नेला तर गॅस दुप्पट मिळेल का, असा प्रश्न विचारला जातो. ही अपेक्षा माझ्या मते चुकीची आहे. तापमानाबरोबर पचनाचा वेग वाढतो आणि गाळ टाकीत कमी दिवस ठेवून भागते, हे खरे. पण गाळातले पचण्याजोगे सेंद्रिय द्रव्य तेवढेच राहत असल्यामुळे, ३५ अंशांना त्याला वीसेक दिवस मिळत असतील, तर एकूण गॅसमध्ये फार मोठा फरक पडत नाही.

खर्चात मात्र पडतो. गाळात साधारण ९५ टक्के पाणीच असते, त्यामुळे २५ अंशांचा एक घनमीटर गाळ ३५ अंशांवर नेण्यास सुमारे ४२ मेगाज्यूल, तर ५५ अंशांवर नेण्यास १२६ मेगाज्यूल, म्हणजे तिप्पट उष्णता लागते. टाकीच्या भिंतींतून जाणारी वेगळीच.

५५ अंशांचा खरा लाभ रोगजंतूंच्या नाशात आहे, आणि लॉस एंजेलिसच्या हायपेरियन सांडपाणी प्रक्रिया केंद्राने ती वाट धरली ती त्यासाठीच.

तापमान कोणतेही निवडा, ते स्थिर ठेवा. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना दिवसाला एका अंशाहून अधिक चढउतार सोसत नाही, आम्ल तयार करणारे मात्र तग धरतात, आणि आम्ल साचत जाते. सामू (pH) सर्वांत शेवटी घसरतो; म्हणून आम्ल आणि क्षारता (आम्ल निष्प्रभ करण्याची गाळाची क्षमता) यांचे गुणोत्तर नियमित पाहावे, आणि ते चढू लागताच गाळ भरणे त्याच दिवशी कमी करावे.