मदत हवी आहे: रात्री बोअरची मोटर आपोआप चालू होतेय

राजारामपुरीकर:
गेले पंधरा दिवस डोकं फिरलंय. घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलंय. रोज पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी काहीतरी चालू होतं, पायवरचा हिरवा दिवा फडफडत राहतो. मी त्या वेळेला काहीच लावलेलं नाही. वर बोअरची मोटर आपोआप चालू होते. परवा टाकी भरून पाणी जिन्यावरून खाली आलं, आई घसरता घसरता वाचली. सिस्टीममध्ये कोण शिरलंय का? लवकर सांगा.

तारजोड:
भावा, मोटर कशावर आहे? ती पण ४:१२ लाच चालू होते का? एवढं तरी सांग.

सावध_माणूस:
सगळे वायफाय स्विच काढून टाका. ते दिवसरात्र बाहेरच्या सर्व्हरशी बोलतात. मी राऊटरमधून सगळ्यांचं इंटरनेट तोडलं, तेव्हापासून निवांत आहे.

तारजोड:
आधी कारण तर सापडू दे. क्लाउडवरच्या, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या, स्विचचं नेट तोडलं तर त्याचं ॲपच बंद पडेल. ४:१२ चं म्हणाल तर होम असिस्टंट रोज त्याच वेळेला १० दिवसांपेक्षा जुन्या नोंदी पुसतं. मेमरी कार्डवर काम चाललं की हिरवा दिवा लुकलुकतो. ते सोडा, मोटरचं बोला.

राजारामपुरीकर:
मोटर कधीही चालू होते, वेळ ठरलेली नाही. दीड एचपी, १६ अँपिअरच्या वायफाय स्विचवर. ऑटोमेशन (आपोआप चालायला लावून ठेवलेलं काम) एकच, सकाळी ६ ला चालू आणि २० मिनिटांनी बंद. ते व्यवस्थित चालतंय.

उद्यमनगर_वाइंडिंग:
दीड एचपी थेट वायफाय स्विचवर? अहो, सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. स्विचमधल्या रिलेचे, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचे, पॉइंट चिकटतात. मध्ये कॉन्टॅक्टर घाला, तो मोठा करंट झेलणारा स्विच असतो.

तारजोड:
काका, पॉइंट चिकटले तर मोटर बंद होणार नाही. इथं बंद असलेली चालू होतेय.

उद्यमनगर_वाइंडिंग:
तुम्ही ॲप बघता, मी जळालेली वाइंडिंग बघतो. आज नाही तर उद्या चिकटणारच.

कळंबा_रोड:
आमच्याकडं थेट पाईपलाईनचं पाणी आल्यापासून बोअर लावतच नाही. तुमच्या भागात किती वाजता येतं?

तारजोड:
पाण्याचा वेगळा धागा काढा की. राजारामपुरीकर, होम असिस्टंटच्या लॉगबुकमध्ये (कधी काय झालं त्याच्या नोंदी) मोटरच्या स्विचपुढं काय दिसतंय? ऑटोमेशननं चालू केली असेल तर त्याचं नाव येतं.

राजारामपुरीकर:
मंगळवारी रात्री २:३७ ला 'अनुपलब्ध', २:४१ ला 'चालू'. पुढं नाव कुणाचंच नाही. रविवारी पण तसंच, आधी अनुपलब्ध, मग चालू.

तारजोड:
रात्री लाईट जाते काय?

राजारामपुरीकर:
नाही. पंखा रात्रभर चालू असतो.

तारजोड:
घरात इन्व्हर्टर आहे?

राजारामपुरीकर:
आहे की. पंखे, दिवे, राऊटर, पाय सगळं त्यावरच. मोटर तेवढी नाही.

तारजोड:
हे पहिल्यांदाच सांगायला पाहिजे होतं! लाईट चार मिनिटं गेली, पंखा फिरतच राहिला म्हणून तुम्हाला पत्ता नाही. लाईट आली आणि स्विच उठला तो 'चालू' होऊनच. स्विचच्या ॲपमध्ये लाईट परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'बंद' वर ठेवा. दुसरं ऑटोमेशन लावा: मोटर कशानंही २५ मिनिटं चालू राहिली तर बंद.

कळंबा_रोड:
इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी घाला. आमची त्यापायी गेली.

उद्यमनगर_वाइंडिंग:
टाकीत फ्लोट स्विच पण बसवा. वायफाय बंद पडलं तरी गोळा वर आला की मोटर बंद.

राजारामपुरीकर:
सापडलं! सेटिंग 'चालू' वरच होतं. बदललं, मेन पाडला, दोन मिनिटांनी चढवला. तीनदा केलं, मोटर गप्प. आईला उभं करून दाखवलं, तरी ती म्हणते रात्रीचा मोटरचा फ्यूज काढूनच झोप. तारजोड, लई आभार. काका, कॉन्टॅक्टर किती अँपिअरचा घेऊ?

उद्यमनगर_वाइंडिंग:
मोटरच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेला असतो, तो वाचून सांगा. आणि मोटर सिंगल फेज आहे का थ्री फेज, ते अजून बोलला नाही तुम्ही.