मदत हवी आहे: बारावीनंतर भावाने नौदल धरावं की तटरक्षक दल?

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्सला आहे, गणित-भौतिकशास्त्र घेऊन. आमचं घर हर्णैचं, बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत. भावाला वर्दी हवी आणि समुद्रही सुटायला नको, एवढं त्याचं पक्कं आहे. कुठली वर्दी, यावरून मात्र घरात रोज वाद चाललाय.

काका म्हणतात नौदलच, नौदलाचा रुबाब वेगळा. बाबांचा जीव तटरक्षक दलावर. 26/11 नंतर किनाऱ्यावरची तपासणी वाढली, तेव्हापासून बोटीचे कागद, खलाशांची ओळखपत्रं दाखवताना त्यांचा या लोकांशी नेहमी संबंध येतो. जून 2021 मध्ये रेवदंड्याजवळ एमव्ही मंगलम हे जहाज बुडायला लागलं, तेव्हा तटरक्षक दलाने बोट आणि चेतक हेलिकॉप्टर पाठवून सगळ्या 16 जणांना बाहेर काढलं. बाबा म्हणतात, पोरगा असलं काम करणार असेल तर मला दुसरं काही नको.

मी जमवलेली माहिती अशी. नौदलात बारावीवर अग्निवीर एसएसआर (बारावी पास खलाशांची भरती) म्हणून जाता येतं. चार वर्षं नोकरी, तोवर लग्न करायचं नाही, पुढे तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात. पगार पहिल्या वर्षी महिना 30 हजार, चौथ्या वर्षी 40 हजार. त्यातले 30 टक्के सेवानिधीत जातात, सरकारही तेवढेच घालतं, आणि बाहेर पडताना 10.04 लाख व त्यावरचं व्याज मिळतं. पेन्शन नाही. तटरक्षक दलात नाविक जनरल ड्यूटी या पदाला अग्निपथ, म्हणजे ही चार वर्षांची अग्निवीर योजना, लागू नाही, भरती कायमस्वरूपी. मूळ वेतन 21,700, वर महागाई भत्ता वगैरे. वय 18 ते 22.

कागदावर पाहिलं तर तटरक्षक दल सरळ सरळ बरं दिसतं. पण भावाचं मन युद्धनौकेवर आहे. मुंबईला नौदल सप्ताहात जहाज आतून पाहून आला, त्यानंतर दुसरं काही बोलत नाही. पगाराचा हिशोब मांडून एकवीस वर्षांच्या आतल्या पोराची हौस मोडावी का, हे मला ठरवता येत नाहीये. जे आत राहून आलेत त्यांनी सांगा: दोन्हीकडचा रोजचा दिवस कसा असतो? आणि दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र होते का?

प्रतिसाद

ताई, मी नौदलातून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. जीव वाचवायचं काम एकट्या तटरक्षक दलाचं, असं समजू नका. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ पी-305 हा कामगारांना राहायचा बार्ज (तराफ्यासारखी मोठी नौका) बुडाला, तेव्हा आयएनएस कोची, कोलकाता या युद्धनौका त्या समुद्रात होत्या आणि 186 माणसं जिवंत परत आली. फरक आहे तो एरवीच्या कामात. नौदल युद्धासाठी तयार राहतं. सराव, तोफा, रडार, यंत्रं, पुन्हा सराव. एडनच्या आखातात 2008 पासून आपली जहाजं गस्तीला आहेत, तिकडे नेमणूक झाली की महिनोन्‌महिने घर दिसत नाही. तटरक्षक दलाचं काम आपल्या 200 सागरी मैलांच्या हद्दीत जास्त: तस्करी, परकी मासेमारी बोटी, तेलगळती, शोध आणि बचाव. ज्याला माणसांशी थेट संबंध येणारं काम आवडतं तो तिथे रमतो. ज्याला यंत्र आणि शस्त्र आवडतं त्याला नौदल.

बाबांना एक स्पष्ट सांगा. तटरक्षक दल म्हणजे घराजवळ रत्नागिरी किंवा मुरुड असं काही नसतं. पारादीपला किंवा अंदमानलाही पाठवतात.

प्रतिसाद

मी दोन्ही परीक्षा दिल्यात, सध्या निकालाची वाट बघतोय. तयारी नक्की एकत्र होते, कारण गणित, विज्ञान, इंग्रजी, सामान्य ज्ञान दोन्हीकडे आहे. तटरक्षक दलात जनरल ड्यूटीसाठी बारावीच्या गणित-भौतिकशास्त्राचा वेगळा 50 गुणांचा विभाग असतो, त्यात पास व्हायला 20 लागतात. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नौदलात पाव गुण कापतात, म्हणून अंदाजाने ठोकायची सवय असेल तर आत्ताच मोडा. 1.6 किमी धावायला नौदल साडेसहा मिनिटं देतं, तटरक्षक दल सात. सराव साडेसहाचाच ठेवा. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मराठी माध्यमाच्या मुलांचा वेळ तिथे जातो. आणखी एक, सुरुवातीचं प्रशिक्षण दोघांचंही ओडिशात आयएनएस चिल्का या नौदलाच्या केंद्रातच होतं.

अग्निवीर झाला म्हणून तटरक्षक दलाचा रस्ता बंद होत नाही. माजी अग्निवीरांना तिथे 10 टक्के आरक्षण जाहीर झालंय. पण त्या भरवशावर चार वर्षं काढू नयेत असं माझं मत. दोन्ही अर्ज भरा, ज्याचं बोलावणं येईल तिथे जा.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त 'ज्याचं बोलावणं येईल तिथे जा' सोडून. दोन्हीकडे नाव लागलं तर तटरक्षक दल घ्यावं. हौस चार वर्षांत फिटते, मग पंचविशीच्या आत पुन्हा नोकरी शोधायची. आणि पुस्तकं उघडायच्या आधी डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर सगळी मेहनत वाया जाते, आमच्या गावात असं झालंय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पेटी ऑफिसर काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. अंदमानचं ऐकून जरा गप्प झाले, पण मत बदललेलं नाही. भाऊ दोन्ही अर्ज भरायला तयार झालाय. डोळे या आठवड्यात दापोलीला दाखवतो. आता नवीन काळजी: त्याने दंडावर आईचं नाव गोंदवलंय. ते आड येईल का?

प्रतिसाद

येईल, ताई. कायमचं गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. दंडावरचं दोन्हीकडे बाद करतं. काढायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा, बाजारातल्या मशीनवाल्याकडे नको. आणि आत्तापासूनच सुरू करा, एका बैठकीत ते जात नाही.