नटक्रॅकर : १९५४ च्या आधीचे १९४४
अमेरिकेत 'नटक्रॅकर' या नाताळच्या बॅलेची (पाश्चात्त्य शास्त्रीय नृत्यनाट्याची) परंपरा १९५४ साली नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीन यांनी न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी बसवलेल्या प्रयोगापासून सुरू झाली, असे म्हटले जाते; लोकप्रियतेपुरते ते मान्य आहे; मात्र हे बॅले तिथे प्रथम संपूर्ण स्वरूपात सादर केले ते सॅन फ्रान्सिस्को बॅलेने, २४ डिसेंबर १९४४ रोजी, म्हणजे ऐन युद्धकाळात. त्या प्रयोगाचे नृत्यदिग्दर्शक विलम क्रिस्टेन्सन यांना रशियातल्या प्रयोगाच्या आठवणी खुद्द बॅलन्शीन आणि रशियन बॅले नर्तकी अलेक्झांड्रा डॅनिलोवा यांनी सांगितल्या होत्या, त्यामुळे या दोन कंपन्यांत श्रेयाची ओढाताण करणे मला तरी पटत नाही. बाकी, १२ फुटांवरून ४१ फुटांपर्यंत रंगमंचावर वाढत जाणारा न्यूयॉर्कच्या प्रयोगातला तो नाताळवृक्ष मात्र निर्विवादपणे बॅलन्शीन यांचाच!