घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आईबापांनी विज्ञानाला का बिचकावं?

वावरातली आई (यवतमाळ जिल्हा)
आमच्या मंडळीतली (चर्चमधली) काही घरं लेकरांना घरीच शिकवतात. भाषा, गणित, बायबल सगळं वेळेवर होतं, विज्ञानाचं पुस्तक मात्र मागे राहतं. कारण विचारलं तर एक उत्तर लगेच येतं: "मी बारावी आर्ट्स, मला काय जमणार?" दुसरं हळू आवाजात येतं: "त्यात उत्क्रांती आहे, लेकरू विश्वासातून ढळलं तर?" माझं ठाम मत आहे की विज्ञान आपल्यालाही शिकवता येतं, आणि उत्क्रांतीचा धडा गाळायचा नाही, पूर्ण शिकवायचा.

सुरुवात पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीपासून करा. डोमकळी, म्हणजे पूर्ण न उमललेलं मिटलेलं फूल, तोडून लेकराच्या हातात द्या. पाकळ्या एकमेकींना का चिकटल्या, हे त्यालाच उघडून बघू द्या, आत गुलाबी बोंडअळी सापडेल. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारा) लावला असेल तर रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायला सांगा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की उपाय करायचा, असं कृषी विभाग सांगतो. लेकराच्या वहीवरून बापानं निर्णय घेतला, की निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्या व्याख्या पाठ करून घ्याव्या लागत नाहीत.

मग मेंडेलकडे या. गुण आईबापांकडून लेकरांत कसे उतरतात, याचे नियम शोधणारा हा ऑगस्टिनियन मठातला साधू. वाटाण्यावरच्या प्रयोगांचा त्याचा लेख १८६६ साली छापून आला. आता बीटी, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीच्या बियाण्यासोबत पूर्वी वेगळं मिळायचं ते साध्या, नॉन-बीटी बियाण्याचं पाकीट आठवा. आपल्याकडे कित्येकांनी ते लावलंच नाही. अळीतला बीटीला दाद न देणारा गुण अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. नॉन-बीटीवर वाढलेल्या साध्या पतंगाशी तशा पतंगाचा संकर झाला, तर पुढची पिढी बीटी खाऊन मरते. नॉन-बीटी झाडंच नसली की वाचलेल्या अळ्यांचीच पैदास वाढत जाते. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवली की त्यांना वर्षभर खायला मिळतं. २००२ ला बीटी आलं, २००६ ला दोन जनुकांचं आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडांचं काय केलं ते आपण पाहिलंय. मेंडेल आणि नैसर्गिक निवड (तगणाऱ्यांचीच पैदास वाढणं), दोन्ही एकाच वावरात शिकवून होतात.

अचलपूरचा बाप
ताई, पतंग मोजणं, मेंडेल, सगळं मान्य. पण अळी शेवटी अळीच राहिली ना? देवानं जीव "आपापल्या जातीप्रमाणे" निर्माण केले, असं बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. अळीत गुण कमी-जास्त झाले, यावरून माणसाच्या उगमापर्यंत उडी मला पटत नाही. लेकरांना घरी ठेवण्याचं आमचं मोठं कारण हेच आहे. मी तो धडा गाळतो आणि विचार करून गाळतो.

वावरातली आई
दादा, एकट्या बोंडअळीवरून सगळं सिद्ध होत नाही, हे खरं. म्हणूनच बाकीचे पुरावेही शिकवायचे. राज्य बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. उद्या १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा फॉर्म भरून तुमचा मुलगा परीक्षेला बसला, तर अवशेषांगं (उपयोग सरलेले अवयव), जीवाश्म, जोडणारे दुवे (दोन गटांचे गुण असलेले जीव) यांवर तो काय लिहील? आपण गाळलेला धडा तो मोबाईलवर वाचेलच, आणि आईबापांकडे उत्तर नव्हतं म्हणून लपवलं, असं त्याला वाटेल. विश्वासाला खरा धोका मला तिथे दिसतो.

निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. उत्क्रांती परीक्षेपुरती शिकवायची गोष्ट नाही, जीवशास्त्राचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. "शास्त्रज्ञ असं म्हणतात, आपण मात्र वेगळं मानतो" एवढ्यावर सोडलं तर लेकराला पुरावा तोलायला कधी शिकवणार? शिवाय वर्गात पंचवीस मुलं पंचवीस प्रश्न विचारतात, घरी ते कोण विचारणार? आणि एक कळकळीनं सांगतो. फवारलेल्या वावरात लेकरांना पाठवू नका. २०१७ लाच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले.

वावरातली आई
फवारणीचं सर म्हणतात ते प्रत्येकानं ऐका. डोमकळी मोठ्यांनी तोडून घरी आणावी, सापळाही फवारणी झालेली नसेल तेव्हाच बघावा.

कामठीची मावशी
नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याच्या नावाचं ते आहे, तो स्टीफन हिस्लॉप भूविज्ञानातही मुरलेला होता, हे आपल्या मंडळ्यांमध्ये कुणी सांगत नाही. स्कॉटलंडहून नागपूरला आलेला हा मिशनरी सुवार्ता सांगत होता आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत नागपूरच्या आसपासचे दगडही तपासत होता. लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. म्हणजे लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर तळी साचली, त्यात जीव वाढले, आणि मग पुढचा लाव्हा आला. १८६३ साली नागपूरजवळच्या टाकळघाटाकडची जुनी शिळावर्तुळं (गोल मांडलेले मोठे दगड) बघून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडून गेला. अचलपूरच्या भाऊंना एवढंच विचारते, त्याचा विश्वास कच्चा होता का?

अचलपूरचा बाप
मावशी, त्याच्या विश्वासावर बोट ठेवणारा मी कोण? शंख मुलांना नक्की दाखवीन. पण हा लाव्हाचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, हे मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. ते मोजायला तिथे कोण होतं?

निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा
मोजायला माणूस हजर असावा लागत नाही. दगडातले काही किरणोत्सारी अणू ठरावीक वेगानं बदलत जातात. किती बदलले आणि किती उरले, त्यावरून वय काढतात. वेगवेगळ्या मूलद्रव्यांनी मोजून उत्तरं जुळतात का, हेही तपासतात. ही रीत मुलाला कळू द्या. मानायचं की नाही, तो मोठा होऊन ठरवेल.
घरी शिकवण्याला माझा विरोध कायम आहे. पण लेकरं अडू नयेत. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, शनिवारी दुपारी आणा. एकच अट, धडा मी गाळणार नाही.

अचलपूरचा बाप
सर, त्या अटीवर माझी मुलं येणार नाहीत. पेशी दाखवणार असाल तेवढ्या दिवशी आणतो आणि सोबत मी बसतो.

वावरातली आई
दादा, निदान तो धडा तुम्ही स्वतः पहिल्या पानापासून वाचा, मग काय गाळायचं ते ठरवा. सर, आमची दोघं येतील, तुमच्या अटीवर. कांदा आणि तळ्याचं पाणी घेऊन येऊ, की आणखी काही लागेल?